सात दिवसांचे मालक

बाररूममध्ये वकील बसले की पहिल्या चहाला कोर्टाच्या गप्पा होतात, दुसऱ्या चहाला जजसाहेबांच्या नकला, आणि तिसऱ्या चहाला जो त्या दिवशी हजर नाही त्याचे किस्से. म्हणून आमच्या धुळ्याच्या बाररूममध्ये सहसा कोणी गैरहजर राहत नसे! तरी किस्से साठायचे ते साठलेच. त्यातले निम्मे तरी एका टायवाल्याची कृपा. नव्वदच्या आसपास तो मुंबईहून आला आणि आम्हा वकिलांना, म्हणजे दुसऱ्यांच्या जमिनीचे उतारे वाचण्यात हयात घालवलेल्या माणसांना, डोंगरावरचे फ्लॅट विकून गेला. तेही वर्षातून फक्त सात दिवसांपुरते!

या प्रकाराला टाइमशेअर म्हणतात, असं त्याने सांगितलं. आम्ही माना डोलावल्या. न समजलेल्या गोष्टीला मान डोलावणं हा आमचा धंदाच आहे.

* * *

कार्यक्रम आग्रा रोडवरच्या एका हॉटेलात होता. जेवण फुकट. अट एकच, जोडीने यायचं.

आमचा चौधरी तेव्हा बिनलग्नाचा. पण फुकटचं पनीर सोडेल तो वकील कसला? तो आईला घेऊन आला. टायवाला दारातच गोंधळला.

"सर, मिसेस?"

"हो, वडिलांची. चालेल ना?"

* * *

जेवणाआधी पडद्यावर फोटो झाले. बर्फ, तलाव, हसणारी गोरी मुलं. टायवाला भरात आला होता. "तेहतीस वर्षं, सर! तेहतीस वर्षं हे सगळं तुमचं!"

पुढच्या रांगेत आमचे नाना बसले होते. बारमधले सगळ्यात ज्येष्ठ, दिवाणीतला दादा माणूस, वय सत्तरीला टेकलेलं. ते म्हणाले, "अरे बाबा, वाटणीच्या दाव्यातसुद्धा मी पक्षकाराला इतक्या लांबची तारीख सांगत नाही!"

हॉल हसून हसून लोळला. जेवण झालं. आणि सगळ्यात पहिली सही नानांनी केली!

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "माणसाने इतक्या आग्रहाने तिसरा गुलाबजाम वाढला. नाही म्हणायला बरं वाटेना."

* * *

रमणभाऊ मात्र गुलाबजामाने विरघळणारे नव्हते. सेल्स टॅक्सची कामं करायचे, घराणं मारवाडी व्यापाऱ्याचं. नफातोटा कळल्याशिवाय ते शिंकतही नसत. त्यांनी टायवाल्याला कोपऱ्यात घेतलं.

"एकदा पैसे भरले की पुढे फुकट?"

"एकदम फुकट, सर! हॉटेलांचे रेट वाढत जाणार, तुम्हाला फरकच नाही. फक्त दर वर्षी थोडा मेंटेनन्स."

"एखाद्या वर्षी गेलो नाही तर?"

"तरी मेंटेनन्स."

"तो वाढणार?"

"थोडासा."

"आणि विकायचं म्हटलं तर?"

टायवाला म्हणाला, "सर, आइस्क्रीम घेतलंत?"

रमणभाऊ आमच्या टेबलावर परत आले. "मालक मी, दर वर्षी पैसे भरणार मी, आणि चावी त्यांच्याकडे! आपल्या कायद्यात अशा माणसाला कूळ म्हणतात."

नाना म्हणाले, "रमण, कुळाला जमीन तरी मिळते!" आणि सही केलेलं पेन बंद केलं.

* * *

कुलकर्णींनी सगळ्यात स्वस्त सीझन घेतला. स्वस्त का, ते त्यांनी विचारलं नाही. वकील माणूस, स्वतःच्या कागदावरची बारीक अक्षरं कशाला वाचेल?

सीझन निघाला भर पावसाळ्याचा. नवराबायको सात दिवस डोंगरावर राहून आले. आम्ही विचारलं, "कसं होतं?"

"समोर दरी होती."

"बघितली?"

"नाही. वेटर म्हणाला, होती."

वहिनींचं मत जास्त स्पष्ट होतं. "सात दिवस नुसतं धुकं! एवढा खर्च करून काही दिसणारच नसेल, तर धुळ्याची धूळ काय वाईट आहे? ती फुकट आहे आणि घरपोच आहे!"

* * *

चौधरीनेही फ्लॅट घेतला होता. बर्फातला. त्याचा उपयोग त्याने भलताच केला.

पाचोऱ्याहून एक कापसाचे व्यापारी मुलीसाठी त्याला बघायला आले. त्यांनी सरळ विचारलं, "घर स्वतःचं आहे का?"

चौधरी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. पण त्याने छाती काढून सांगितलं, "फ्लॅट आहे. हिमाचलमध्ये. खिडकीतून बर्फ दिसतो!"

पाहुणे खूश झाले. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांच्यातल्या एका काकांनी हळूच, दर वर्षी किती दिवस, ते काढून घेतलं. व्यापाऱ्यांनी कप खाली ठेवला. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "त्या एका आठवड्याची काळजी मिटली. बाकीचे एक्कावन्न आठवडे आमच्या मुलीने कुठे राहायचं?"

* * *

नाना पहिल्या वर्षी सगळ्या गोतावळ्यासकट गेले. बाहेरगावची मुलं, सुना, नातवंडं आणि अक्का, म्हणजे नानांची बायको. फ्लॅटला स्वयंपाकघर आहे म्हटल्यावर नानांनी बाहेर जेवायला साफ मनाई केली. "हॉटेलचं खाऊन पोट बिघडतं!" भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, भरताची वांगी, मिरच्या, शेंगदाणे, सगळं धुळ्याहून निघालं.

पहिल्याच दिवशी अक्कांनी गॅसवर वांगी आणि मिरच्या भाजल्या. आग लागली समजून मॅनेजर बादली घेऊन धावत आला. आला तो भरीत-भाकरी खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या फ्लॅटमधलं जोडपं वासावर आलं. तेही जेवून गेलं.

नाना परत आले ते गुलजार होऊन. "काय आराम झाला म्हणून सांगू! सात दिवस नुसता लोळलो."

चौधरीने विचारलं, "आणि अक्का?"

नाना म्हणाले, "ती पण तिथेच होती की!"

* * *

पुढच्या वर्षी अक्कांनी आपल्या अहिराणीत हात जोडले. "माले नको. तठे बी चुल्हाच शे." नेमका त्याच वेळी नानांचा एक मोठा दावा सुनावणीसाठी बोर्डावर आला. आठवडा वाया जाणार! मेंटेनन्स भरलेला! नाना घायकुतीला आले. शेवटी म्हणाले, "तू जा. कोणालाही घेऊन जा, पण जा!"

अक्का चाळीसगावच्या दोन बहिणींना घेऊन गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशिवाय प्रवास.

नाना इकडे बाररूमच्या वड्यावर दिवस काढत होते. तिसऱ्या दिवशी अक्कांचा फोन बाररूममध्ये आला. सगळे कान टवकारून बसले. नानांनी पहिला प्रश्न टाकला, "स्वयंपाक काय केला?"

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. नानांनी सावकाश फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणे, किचनला कुलूप लावून चावी मॅनेजरला देऊन टाकली."

* * *

त्यानंतर काही वर्षं अक्काच बहिणींबरोबर जात राहिल्या. मेंटेनन्स वाढत गेला. नानांची प्रॅक्टिस कमी झाली आणि एक दिवस त्यांनी ठरवलं, हे लोढणं विकायचं. गिऱ्हाईक कुठून मिळणार? शेवटी रमणभाऊच तयार झाले. अर्थात पडेल भावात! "नाना, तुमच्यासाठी म्हणून घेतो," असंही वर म्हणाले.

कागद करायला आम्ही दोघं नानांच्या घरी गेलो. साक्षीदार मी. नानांनी चष्मा पुसला. रमणभाऊंनी पेन काढलं. तेवढ्यात अक्का चहा घेऊन बाहेर आल्या. हे विकायचं ठरलंय, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. कागद बघून त्यांच्या लक्षात आलं, आपले सात दिवस चालले.

त्यांनी सगळ्यांच्या हातात कप दिले. पदराला हात पुसले. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "रमणभाऊ, सात दिन तुम्ही इकत ली ऱ्हायनात, ते ठीक शे. बाकीना दिन बी कोणी इकत ली का?"

रमणभाऊंनी नानांकडे बघितलं. नाना चहाकडे बघत होते.

रमणभाऊंनी पेन परत खिशाला लावलं.