घड्याळजींची दाढ आणि फँजिओ

घड्याळजींची दाढ आठ दिवस ठणकत होती. गालात लिंबू धरल्यासारखी सूज. आणि दातांचा डॉक्टर घरचाच, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा! दुसरा कोणी पहिल्याच दिवशी मोकळा झाला असता. हे गृहस्थ मात्र दाढेखाली लवंग धरून आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसले होते. कारण एकच: साडूच्या खुर्चीत तोंड उघडलं की फँजिओ हरायचा.

हसू नका. मोटारींच्या शर्यतीतला आजवरचा सर्वांत थोर चालक कोण, यावर हे दोन साडू एकवीस वर्षं भांडत होते. प्रत्यक्ष शर्यत दोघांनीही पाहिलेली नाही. घड्याळजी तर उतार आला की सायकलवरून खाली उतरतात. पण जुन्या काळचा फँजिओ म्हणजे त्यांचं दैवत. पाच जगज्जेतेपदं, तीही चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत, आणि कमरेला सुरक्षेचा पट्टासुद्धा नाही! डॉक्टर आजच्या हॅमिल्टनचे. त्याची सात. पाचापेक्षा सात जास्त हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर घड्याळजी उसळून म्हणत, "चावीचं घड्याळ आणि सेलचं घड्याळ एका तराजूत घालता होय? चावीच्या घड्याळामागे माणूस लागतो, माणूस!"

एरवी हा वाद बरोबरीत सुटायचा. पण दोन वर्षांपूर्वी दात भरताना डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात कापूस, आरसा आणि लाळ ओढायची नळी कोंबली, आणि विचारलं, "हॅमिल्टनच थोर. कबूल?" उत्तर कुठून येणार? "मौन म्हणजे संमती!" डॉक्टरांनी सगळ्या नातेवाइकांत जाहीर करून टाकलं. सासूबाईंनी तर अभिनंदनाचा फोन केला, तोही डॉक्टरांना.

नवव्या दिवशी बायकोने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. "उठा. आजच्या आज दाढ काढायची."

"पण तो हॅमिल्टन..."

"तो येतोय का तुमची दाढ काढायला? उठा म्हणते ना!"

घड्याळजींनी अर्धा तास मागून घेतला आणि अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. एकेका चिठ्ठीवर एकेक मुद्दा. तोंड बंद झालं तरी हात तर मोकळे राहतील!

"या साडूभाऊ!" म्हणत डॉक्टरांनी दवाखान्यात त्यांना खुर्चीत बसवलं आणि सुई टोचली. "आता शर्यतीत मध्येच गाडी थांबवून दोन सेकंदांत चारही चाकं बदलतात. तुमच्या फँजिओच्या वेळी तेवढ्यात मेकॅनिक नाक पुसायचा."

घड्याळजींनी चिठ्ठी क्रमांक चार वर केली. डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरली, लांब नेली, जवळ आणली. "हे काय, कागदावर मुंग्या सोडल्यात?"

जन्मभर मोहरीएवढे स्क्रू फिरवणाऱ्याचं अक्षर ते! अकराच्या अकरा चिठ्ठ्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या, पाठोपाठ दाढही. मग डॉक्टरांनी त्या जागी कापसाचा बोळा ठेवला. "तासभर दाबून धरा. बोलायचं नाही. हॅमिल्टनच थोर. कबूल?" ते थांबले, हसले. "मौन म्हणजे..."

घड्याळजींनी खिशातून स्टॉपवॉच काढून बटण दाबलं.

"चला घरी," बायको म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि बाहेरच्या बाकावर बसले ते बसलेच, काट्यावर नजर लावून. मध्ये शाळेच्या हेडबाई आत गेल्या. बरोबर एक तास झाला, एक सेकंद आधी नाही, तसा त्यांनी बोळा थुंकला आणि दार ढकललं.

खुर्चीत हेडबाई. तोंडात कापूस, आरसा, नळी.

"बाई," बधिर ओठ सावरत घड्याळजी म्हणाले, "फँजिओच थोर. कबूल?"

बाईंनी डोळे वटारले.

"मौन म्हणजे संमती! साडूभाऊ, आता दोन विरुद्ध एक."

डॉक्टरांना स्वतःचाच कायदा मोडवेना. शेवटी त्यांनी बाईंच्या तोंडातला सगळा सरंजाम बाहेर काढला. "बाई, तुम्हीच सांगा यांना."

बाईंनी शांतपणे चूळ भरली. "शूमाकर," त्या म्हणाल्या. "त्याचीही जगज्जेतेपदं सातच. आणि माझा दात?"

"शूमाकर?" दोघे साडू एकदम ओरडले. एकवीस वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज एका सुरात लागला होता.

बाहेर घड्याळजींच्या बायकोने उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या धाकट्या बहिणीला, डॉक्टरांच्या बायकोला, म्हणाली, "बस गं. अजून तासभर हे दोघे काही हलत नाहीत."