धोबीघराच्या छतावरचा कळप

"माकडाच्या हातांकडे बघावं, डोळ्यांत नाही," असं माकडवाले बाबा येताजाता सांगत. डोळ्याला डोळा भिडला की लाल तोंडाचं माकड अंगावर येतं. इस्पितळाच्या धोबीघरात चादरी धुणाऱ्या त्यांच्या लेकीला हे लहानपणापासून पाठ होतं. कळपाची रीतभातही. नर वयात आले की परक्या कळपात शिरतात. लेकी मात्र जन्मभर आईपाशी राहतात. डोंगर असो की जिना, पाला असो की पेशंटची बिस्किटं, यांना सगळं चालतं. गालांच्या थैल्या भरायच्या नि छतावर बसून सावकाश चावायचं.

छतावर अशी तीसेक होती. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी माकडं पकडायला नेमलेल्या बाबांना बजावलं होतं, महिनाभरात हलवा, नाहीतर विष घालणारी माणसं बोलावतो. बाबांची पद्धत ठरलेली. मोठा पिंजरा उघडा ठेवून रोज दाणे टाकायचे. सगळी बिनधास्त आत येऊ लागली की एकदाच दोर ओढायचा. अख्खा कळप उचलायचा, अख्खाच जंगलात सोडायचा. पण पंचवीस दिवस झाले तरी निम्मी बाहेरच.

बॉयलरच्या पाइपाला पाठ लावून एक म्हातारी माकडीण बसलेली असे.

"तिला तरी उचला," लेक म्हणाली. "आयती सापडेल. साहेबांना काहीतरी दिसेल."

"दाखवायला मी काय जादूगार आहे?"

"नोकरी गेली की तेही व्हाल."

बाबा हसले. पण गुडघे झिजले होते, या वयात दुसरी नोकरी मिळणार नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पद्धत मोडली आणि एकट्या म्हातारीला दूर जंगलात सोडून आले.

चार दिवसांत कळप फाटला. म्हातारीच्या धाकामुळे एकत्र नांदणाऱ्या तिच्या लेकी आणि बहिणी एकमेकींच्या जिवावर उठल्या. मार खाऊन पळणारी एक माकडीण खिडकीतून वॉर्डात घुसली नि खाटेवरच्या आजीबाईंचा हात फाडून गेली. साहेबांनी त्याच दुपारी विषवाल्यांना फोन केला आणि बाबांना घरी बसायला सांगितलं.

"माझं ऐकलंत म्हणून झालं हे," लेक म्हणाली.

"दोर माझ्या हातात होता, पोरी."

तिसऱ्या दिवशी छतावरून पोती खाली आली. बाबा घरून आले आणि शेवटच्या पोत्यापर्यंत उभे राहिले. मग फाटकातून बाहेर पडले, एक पाय ओढत, मागे न बघता. धोबीघराच्या दारात लेक ओल्या चादरीचं टोक धरून बघत राहिली. दुसरं टोक धरलेली बाई दोनदा म्हणाली, "पीळ की गं."