धावपट्टीखालची माती

आमच्या विद्यापीठाच्या मैदानावरची धावपट्टी पाण्याच्या टँकरमुळे फाटली, असं चौकशी अहवालात लिहिलं आहे. तो अहवाल मी लिहिला. ते खरं नाही.

विद्यापीठाच्या आदिलाबाद केंद्रात मी कार्यालयीन अधीक्षक होतो. धावपट्टीची फाईल माझ्या टेबलावरून जायची. ती फाईल सुरू झाली आमच्या क्रीडा शिक्षकामुळे. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या खेड्यातला, कंत्राटी नोकरीवरचा माणूस. कार्यालयात सगळ्यांशी तेलुगू किंवा हिंदीत बोलायचा. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मला काका म्हणायचा. इंद्रवेल्लीकडच्या खेड्यांतल्या मुली त्याच्याकडे धावायला यायच्या आणि खडे टोचून तळपाय सोलून घ्यायच्या. "काका, राज्याच्या स्पर्धेत त्या पोरी पहिल्यांदा लाल सिंथेटिक पट्टी पाहतात. अर्ध्या तर तिथंच घाबरतात," असं तो सांगायचा आणि टेबलासमोरून हलायचा नाही.

विद्यापीठाची मंजुरी मिळाली, सरकारच्या क्रीडा योजनेतून निधीही मंजूर झाला. अट एकच राहिली. जागेवर तीन खड्डे खणून मातीचे नमुने तपासायचे आणि अहवाल मार्चअखेरच्या आत जोडायचा. नाहीतर निधी परत. प्राचार्य रोज दाराशी येऊन विचारायचे, फाईल गेली का?

नमुने घ्यायला अभियंता आला. मी आणि दोन मजूर सोबत. पहिला खड्डा तीन फूट गेला, तरी माती काळीच. दुसरा तसाच. अभियंत्याने ढेकूळ हातात घेऊन फोडलं.

"ये तो पूरी काली मिट्टी है साब. पाँच फुट निकालके मुरूम भरना पड़ता. एस्टिमेट नया बनाना पड़ता."

नवीन अंदाजपत्रक म्हणजे सगळ्या सह्या पहिल्यापासून. मार्च त्यात निघून गेला असता.

मी कापूस पिकवणाऱ्या घरातला. काळी माती मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या शेतात उन्हाळ्यात भेगेत विळा पडला तर काढायला लहान हाताचं माणूस शोधावं लागायचं. पावसात तीच माती फुगते. आमच्याकडे साधा गोठा बांधायचा तरी आधी काळी माती उपसतात. हे सगळं माहीत असताना मी म्हणालो, "हॉस्टल के पीछे मुरूम का टीला है. नमूने उधर से लेलो."

अभियंत्याने विचारलं, "आप बोल रहे?"

"मैं बोल रहा. लिखके देता."

आणि मी लिहून दिलं. नमुने माझ्या समक्ष, नियोजित जागेवरूनच घेतले आहेत, असं. मला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं, हे मुद्दाम नोंदवतो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की प्राचार्यांचा दबाव होता. घाई त्यांची होती. मुरमाची जागा मी दाखवली.

पट्टी झाली. लाल, पांढऱ्या रेषांची. पहिल्या दिवशी मुलींनी चपला काठावर काढल्या, देवळात जाताना काढतात तशा. शिक्षक त्यांना ओरडून सांगत होता, "अवं, बूट घालूनच पळा लागते!"

दुसऱ्या उन्हाळ्यात पट्टी फाटली. भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मनगट जाईल एवढी. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली आणि फाईलची माहिती मला सगळ्यात जास्त, म्हणून सचिव मलाच केलं. माझंच प्रमाणपत्र फाईलमध्ये, आणि फाईल माझ्यासमोर. माती म्हणालो तर माझी सही अंगावर येणार, आणि निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली. अभियंत्याचा फोन आला. "आप लिखके दिये थे, याद है ना?" बस, एवढंच बोलला.

मग समितीत कोणीतरी टँकरची आठवण काढली. त्याच उन्हाळ्यात वसतिगृहाची विहीर आटली होती आणि शिक्षकाने एका टँकरला पट्टीच्या कोपऱ्यावरून जाऊ दिलं होतं. एकदाच.

चौकशीत मी त्याला विचारलं, "टँकर तुम्ही येऊ दिला?"

"हो काका. पोरीयले पाणी नव्हतं. फळ्या टाकल्या होत्या खाली. तुमीच तर खिडकीतून पाहून राह्यले होते."

टंकलेखकाचा हात थांबला. मी म्हणालो, "फक्त 'हो' लिहा."

त्याचं कंत्राट पुढे वाढलं नाही. सामान न्यायला आला तेव्हा माझ्या दारात उभा राहिला. "काका, टँकर एका कोपऱ्यातून गेला. भेग त्या टोकापर्यंत काऊन गेली?"

"समितीचा निर्णय आहे," मी म्हणालो. तो आणखी काही विचारेल म्हणून मी कपाटाकडे वळलो आणि त्यात काही शोधत बसलो. तो गेल्यावरही बराच वेळ.

मी निवृत्त झालो. पेन्शन सुरू झाली. बाजारात तो दिसला की मी रस्ता बदलायचो. आदिलाबाद एवढंसं, बदलायला रस्ते किती असणार?

गेल्या महिन्यात नव्या अधीक्षकाचा फोन आला. पट्टी नव्याने करायची आहे, जुना माती अहवाल फाईलमध्ये आहेच, कडक मुरूम, तोच जोडतो म्हणजे वेळ वाचेल. फक्त तुम्ही एकदा हो म्हणा. माझ्या तोंडात हो आलंच होतं. मी म्हणालो, "तो जोडू नका. का ते लिहून देतो."

पत्र लिहिलं. पण कार्यालयात देण्याआधी ते घेऊन शहरालगतच्या मावल्याला गेलो. तिथे शिक्षकाचं आता किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक होतं, म्हणून मी बाजूला उभा राहिलो. मग सांगितलं. तो तूर डाळ तोलत होता. मी सगळं सांगून होईपर्यंत तोलतच राहिला.

"म्हंजे माती?"

"माती."

"अन् मी दोन वर्षं रोज सकाळी जाऊन त्या कोपऱ्यात उभा राहत होतो. फळ्या कुठं सरकल्या असतीन, ते पाहत. तुमी समितीचा निर्णय म्हणाले, मंग मले वाटलं, माझंच चुकलं असन."

मी पत्र पुढे केलं. त्याने वाचलं, परत दिलं.

"टँकरवाल्याचं नाही लिवलं."

मला कळेना. तो म्हणाला, "माझा साडू हाय तो. फळ्या त्यानंच टाकल्या होत्या. नीट टाकल्या नाही म्हणून चारचौघात त्याले नाही नाही ते बोललो. त्याच्या पोरीच्या लग्नाले बी नाही गेलो मी. आता चला, तुमीच सांगा त्याले."

त्याने शटर ओढलं. मला वाटत होतं, पत्र दिलं की मी मोकळा. आता त्याच्या स्कूटरवर मागे बसलो होतो आणि उतरता येत नव्हतं.

साडू अंगणात टँकर धूत होता. त्याने आम्हाला पाहिलं, पाइप खाली टाकला नाही. शिक्षक मला पुढे करून स्वतः फाटकापाशी थांबला. मी उभ्या उभ्या सांगितलं. साडूने एकच विचारलं, "हे कागदात हाय का?"

टँकरच्या मडगार्डवर कागद ठेवून मी लिहिलं, फळ्या व्यवस्थित होत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या. कागद थोडा भिजला. तसाच दुसऱ्या दिवशी कार्यालयात दिला, शिक्का मारून पोच घेतली. अधीक्षक नाराज दिसला; नवी फाईल अडली, ती माझ्यामुळे. मुली सध्या भेगा चुकवून धावतात.

ते दोघं पुन्हा बोलू लागले की नाही, ठाऊक नाही. मी तिथे होतो तोवर बोलले नाहीत.