दोन इंच कमी सांगणारे मास्तर

आमच्या गल्लीतल्या मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही पुरुषाला त्याच्या कंबरेचं खरं माप सांगितलं नाही. हे मी तक्रार म्हणून नाही, कौतुक म्हणून सांगतोय.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेतून ते फार लवकर निसटले होते, पण टेप गळ्यात पडला आणि लोक मास्तर म्हणायला लागले. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत उभा आरसा, मशीन आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी एक बाक. मग पडदा. पडद्यामागे कापायचं लांबरुंद टेबल, आणि टेबलाशी वहिनी. माप घ्यायचं मास्तरांनी, कापड कापायचं वहिनींनी, अशी वाटणी.

गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं, पोट आत ओढून, श्वास कोंडून, जणू फोटोच काढायचाय. मास्तर टेप गुंडाळायचे, डोळे बारीक करायचे आणि पडद्याच्या दिशेनं पुकारायचे, "कंबर छत्तीस!" गिऱ्हाईकाचा चेहरा असा उजळायचा की विचारू नका. आणि पडद्यामागे वहिनी काही न बोलता अडतीसवर खडू ओढायच्या. मास्तरांनी दोन इंच खाली उतरवायचे, वहिनींनी गुपचूप वर चढवायचे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कुठल्याशा जाड्या माणसाची पँट भर समारंभात उसवली आणि वहिनींना नवऱ्याची भाषा कळली. तेव्हापासून या विषयावर दोघांत एक शब्द झाला नसेल.

"आरशासमोर उभ्या माणसाला खरं सांगू नये," मास्तर मला म्हणायचे. "खरं त्याच्या पँटला सांगावं."

तर या मास्तरांना लघवीतून लाल जायला लागलं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. एकदा गेलं, मग काही दिवस अगदी स्वच्छ, मग पुन्हा. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं समजून त्यांनी ते बरेच दिवस अंगावर काढलं. शेवटी माझ्याकडे बोलले, तेही मशीनचं चाक फिरवत, खाली मान घालून. मी म्हटलं, "अरे मेल्या, नळ गळला तर प्लंबरकडे धावतोस. ऊठ."

वहिनींना सांगितलं, अस्तराचं कापड बघायला चाललोय. आणि आम्ही दोघे गेलो हॉस्पिटलात.

तिथे दुर्बिणीनं आत पाहिलं. दुर्बीण कुठून आत घातली ते विचारू नका. विचारलंत तर मी सांगेन, आणि मास्तर माझ्याशी आठवडाभर बोलणार नाहीत. दुर्बिणीतूनच गाठ खरवडून तपासायला पाठवली. रिपोर्ट आला तेव्हा पुन्हा अस्तराचंच निमित्त. एवढं अस्तर आणायला गेलेला शिंपी दरवेळी रिकाम्या हातानं परत येतो, हे वहिनींच्या ध्यानात येत नव्हतं असं समजणारे आम्ही दोघे किती शहाणे, ते तुम्हीच ठरवा.

सर्जनबाई आमच्या मुलींच्या वयाच्या. आवाज शांत. घाई नाही. म्हणाल्या, "हा मूत्राशयाचा कॅन्सर आहे. वरच्या पातळ थरातच असता, तर खरवडून झाल्यावर आत नळीनं औषध सोडत राहिलो असतो. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. तुमचा त्याखालच्या स्नायूत उतरलाय."

"म्हणजे अस्तर सोडून कापडात शिरला," मास्तर म्हणाले.

"अगदी तसंच. आता दोन वाटा आहेत. एक, आधी काही महिने केमो, मग ऑपरेशन करून मूत्राशय काढायचं. पुरुषांमध्ये त्याच्याबरोबर प्रोस्टेटही काढतात. मग लघवीला नवी वाट करून द्यावी लागते. आतड्याचा छोटा तुकडा घेऊन पोटावर तोंड काढतात, त्याला बाहेरून पिशवी लावायची. किंवा काहींना आतड्याचंच नवं मूत्राशय आत शिवून देता येतं."

"आणि दुसरी वाट?"

"मूत्राशय ठेवायचं. गाठ जमेल तेवढी खरवडायची, मग रेडिएशन आणि त्याच्या जोडीला केमो. पुढे वरचेवर दुर्बीण घालून बघत राहायचं, आणि परत उगवलं तर तेव्हा ऑपरेशन. योग्य पेशंट असेल तर ही वाट चांगली आहे, मी स्वतः सुचवते. पण तुमची गाठ किडनीच्या नळीच्या तोंडाशी बसलीय, उजवी किडनी फुगलीय. अशा वेळी मूत्राशय ठेवण्यात धोका जास्त. मी तुम्हाला पहिली वाट सांगेन. निर्णय तुमचा. पुढच्या वेळी पत्नीला घेऊन या."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मग घसा साफ करून ते म्हणाले, "प्रोस्टेट काढल्यावर... म्हणजे घरात... म्हणजे नवरा म्हणून..."

बाईंना समजलं. "त्या बाबतीत बहुतेकांचं पहिल्यासारखं राहत नाही," त्या म्हणाल्या. "जमल्यास नसा वाचवतो, पण खात्री देणार नाही. पुढे गोळ्या असतात, दुसरे उपाय असतात. लाजू नका, हे विचारायलाच हवं."

परतताना मास्तर फूटपाथवर थांबले. "मी मूत्राशय ठेवणार."

"बाई काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"ऐकलं. आणि तू तोंड बंद ठेवायचं. तू म्हणजे गल्लीचा भोंगा."

आता माझी ख्याती तुम्हाला माहीत नाही. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणी दात बसवले, सगळं आधी माझ्याकडे येतं आणि माझ्याकडून पुढे जातं. पण ही गोष्ट मी पोटात ठेवली. इतकी ठेवली की मलाच अपचन झालं. बायकोनं विचारलं, "आजारी आहात का? बोलत का नाही?"

मास्तरांनी वहिनींना काय सांगितलं ते मी बाकावर बसून ऐकलं. "बारीकशी गाठ होती गं. वरवरची. आत औषध सोडतात अधूनमधून. संपलं."

वहिनी "बरं" म्हणाल्या आणि कात्री चालवत राहिल्या.

दोन-तीन दिवसांनी बेकरीवाला आला. हा माणूस स्वतःच्या पावासारखा फुगलेला. मास्तरांनी टेप लावला, पुकारलं, "कंबर चाळीस!" बेकरीवाला हवेत तरंगत घरी गेला. आणि पडदा सरकवून वहिनी बाहेर आल्या. हातात कात्री तशीच.

"अहो, चाळीस म्हणालात. मी बेचाळीस कापणार."

"मग काप की. आजच काय विचारतेस?"

"परवा तुम्ही वरवरचं म्हणालात," वहिनी म्हणाल्या. "त्यात किती वाढवू?"

मास्तरांच्या हातात टाचण्या होत्या. एकेक करून त्यांनी टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. फार सावकाश. मग मला म्हणाले, "तू जरा बाहेर हो."

मी बाहेर झालो. आता दाराच्या चौकटीशी माझ्या चपलेचा पट्टा सुटला, त्याला मी काय करणार? वाकून पट्टा लावायला या वयात वेळ लागतो.

मास्तरांनी सगळं सांगितलं. स्नायू, किडनी, दोन्ही वाटा. मग वहिनींनी विचारलं, "बाई ऑपरेशन सांगतात आणि तुम्ही नको म्हणताय. का?"

"पोटावर पिशवी येईल."

"गळते का?"

"नीट बसवली तर नाही म्हणतात."

"मग तुम्ही ती वाकडी बसवणार आहात होय? तुमच्या हातून शर्टाची कॉलर वाकडी बसलेली पाहिली नाही मी."

"तसं नव्हे गं. शेजारी झोपशील का तू? लघवीची पिशवी लावलेल्या माणसाच्या?" मग आवाज आणखी खाली गेला. "आणि ते दुसरंही जाणार. नवरेपण."

मी पट्टा दुसऱ्यांदा लावला.

"म्हणजे ते राहावं म्हणून तुम्ही जायचं, असा हिशेब केलात?" वहिनी म्हणाल्या. आवाज चिडका होता, पण शेवटाला फाटला. "आणि मी ते घेऊन काय करू? भिंतीवर लावू?"

मास्तर हसले. मग हसता हसता त्यांना रडू फुटलं, आणि वहिनींनी कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तेवढ्यात आतून हाक, "भाऊजी, चप्पल लावून झाली असेल तर आत या. चहा ठेवते."

पुढच्या भेटीला वहिनी गेल्या. अस्तराचं निमित्त काढावं लागलं नाही. मास्तरांनी ऑपरेशनला हो म्हटलं, पण पिशवी टाळायला त्यांनी आतलं नवं मूत्राशय मागितलं. बाईंनी खोटी आशा दाखवली नाही. त्याला भरल्याची जाणीव पहिल्यासारखी होत नाही, घड्याळ लावून उठावं लागतं, सुरुवातीला झोपेत गळतं, कधी स्वतः नळी घालून रिकामं करावं लागतं. काही लोकांना ते छान जमतं. वहिनी म्हणाल्या, "घड्याळ लावून? हे घड्याळाच्या वरच उशी ठेवून झोपतात."

मास्तरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "पिशवीच द्या. आतली शिवण मला दिसणार नाही. बाहेरचं काय बिघडलं तर माझ्या डोळ्यांनी बघेन, माझ्या हातानं नीट करेन."

आधी किडनी मोकळी करायला एक बारीक नळी बसवली, मग केमोच्या फेऱ्या. डोक्यावर जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून भुवया गेल्या. तोंडाला चव नाही, जिना चढताना दम. वहिनी दुकान सांभाळून त्यांना नेत-आणत होत्या. मी मशीनवर बसून मदत करतो म्हणालो. एका पायजम्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवल्यावर मला परत बाकावर पाठवण्यात आलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक सिस्टर पोटावर खूण करायला आल्या. पिशवीचं तोंड कुठे येणार, त्याची खूण. म्हणाल्या, "उभे राहा. बसा. पुढे वाका. आता झोपा." प्रत्येक वेळी पोटाला कुठे घडी पडते ते बघत होत्या. मास्तर टक लावून पाहत होते. जन्मभर दुसऱ्यांची पोटं मापली, त्यांच्या स्वतःच्या पोटाशी इतकं मन लावून कुणी बसलं नव्हतं.

"पँट कुठे बांधता?" सिस्टरनी विचारलं.

मास्तरांनी बेंबीच्याही वर बोट ठेवलं. इथे मला सांगायला हवं की उंच कंबरेच्या पँटवरून मास्तरांची गल्लीतल्या तरुण मुलांशी जुनी भांडणं होती. पोरांना पँट घसरायच्या बेतात हवी असायची, आणि मास्तर म्हणायचे, ही पँट नाही, हा मोजा आहे.

"फार छान," सिस्टर म्हणाल्या. "खूण खाली येईल, पट्टा वर राहील, पिशवी दबणार नाही. सगळ्यांनी अशाच पँट घातल्या तर आमचं काम सोपं होईल."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यांना उद्या मोठं ऑपरेशन आहे हे त्यांच्यासकट आम्ही सगळे विसरलो. मग सिस्टरनी पेन्सिलीनं गोल काढला आणि म्हणाल्या, "ही खूण तुम्हाला स्वतःला दिसतेय ना?" मास्तरांनी मान वाकवली. पाहिलं. वहिनींना म्हणाले, "तूही बघून घे." वहिनींनी वाकून पाहिलं आणि त्या गोलाच्या कडेला बोट टेकवलं.

ऑपरेशन लांबलं. मी आणि वहिनी बाहेरच्या बाकावर. शेवटी बाई मास्क खाली ओढत आल्या आणि आधी होकारार्थी मान डोलावली, मग बोलल्या. पुढे रिपोर्ट आला, काढलेल्या लसिकाग्रंथींमध्ये काही सापडलं नाही, म्हणजे कॅन्सर पुढे पसरला नव्हता. "तपासण्या मात्र चालू ठेवायच्या, चुकवायच्या नाहीत," त्यांनी बजावलं. मास्तरांनी लगेच "हो" म्हटलं. वहिनींनी हिशेब करून सांगितलं, "मी आणते त्यांना."

घरी आल्यावर पहिले दिवस सोपे गेले नाहीत. एकदा पिशवी सुटली, चादर भिजली, आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून अर्धा दिवस पडून राहिले. वहिनींनी चादर वाळत टाकली आणि म्हणाल्या, "चिकटवायच्या आधी कातडी कोरडी नव्हती. ओल्या कापडावर खडू उमटतो का?" संध्याकाळी दोघे आरशासमोर उभे राहून नवी पिशवी लावत होते आणि भांडत होते. मास्तरांना ती काटकोनात हवी होती.

नवरेपणाचं पुढे काय झालं, ते तुम्हाला हवंय, मला माहीत आहे. मलाही हवं होतं. विचारलं तर मास्तरांनी टेपचा फटका दिला. तेव्हा मी फक्त पाहिलेलं सांगतो.

एका दुपारी गेलो तर दुकानाचं दार ओढलेलं. बाजूच्या खिडकीतून डोकावणं हा माझा जुना हक्क आहे. कापायच्या टेबलाखाली गादी पसरून दोघे झोपले होते. वहिनींचा हात मास्तरांच्या पोटावर होता, बरोबर पिशवीच्या बाजूला, अगदी आरामात पडलेला. मास्तर घोरत होते. ते काही विशेष नाही. पण वहिनीही घोरत होत्या, आणि मास्तरांपेक्षा मोठ्यानं. ही बातमी मी आजवर कुणालाच दिली नव्हती. तुम्हीही देऊ नका. दिलीत तर माझं नाव सांगू नका.