रुमाल टाकलेली जागा

सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, एक अमेरिकन म्हातारा रोज सकाळी माझ्यासमोर बसून कॉफी प्यायचा आणि पेपरच्या कडेला स्वतःची सही गिरवायचा. नाव मी कधी विचारलं नाही. सही वाचता येण्यासारखी नव्हती.

एकदा सगळी टेबलं रिकामी, पण प्रत्येकावर टिश्यूचं पाकीट. इथे जागा अशीच धरतात. कप हातात घेऊन आम्ही दोघे उभे. मी म्हणालो, "आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात."

"आमच्या राज्यात नकाशा टाकतात," तो म्हणाला. "सत्तेतल्या पक्षाने मतदारसंघ असे आखलेत की आमची गल्ली मधोमध चिरली. अर्धी मतं इकडे, अर्धी तिकडे. कुठेच पुरत नाहीत."

सूर हवामान सांगावं तसा. मग त्याने खिशातून टपाली मतपत्रिकेचं पाकीट काढून दाखवलं. मागच्या वेळी सही जुळत नाही म्हणून त्याचं मत बाद झालं होतं. तेव्हापासून हा सहीचा सराव.

"निकाल ठरलेलाच असेल, तर पाठवता कशाला?"

त्याने पाकिटाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "तुमच्या एसटीत सगळ्याच जागांवर रुमाल असले, तर काय करता?"

"उभ्याने जातो."

"मग?" म्हणाला, आणि कप ठेवून पोस्टाकडे निघाला.

माझं मतदार कार्ड पुण्याला कपाटात होतं. इथे आल्यापासूनच्या सहा वर्षांत उभ्याने जाणं सोडाच, मी स्टँडवरसुद्धा गेलो नव्हतो.