स्टुडंट्स कॉन्फरन्स आणि माझं फिरलेलं डोकं

अमरावतीत आमच्या मेडिकल कॉलेजात दरवर्षी विद्यार्थ्यांची रिसर्च कॉन्फरन्स होते. बॅनर दुसऱ्या दिवशी उतरतात, किस्से मात्र डोक्यात साचत जातात. मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते, त्यामुळे दरवर्षी आयोजनात असते आणि दरवर्षी चिडते. लोक म्हणतात, "मॅडम, हसून सोडून द्या." हसते मी. पण सोडून कसं द्यायचं?

*

काम कुणाचंही असो, पोस्टरवर पहिलं नाव आमच्या विभागप्रमुखांचं. एका वर्षी सर पोस्टर बघत फिरत होते. एका पोस्टरसमोर थांबले, चष्मा वर केला आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलींना सगळ्यांसमोर झापलं, "असलं बंडल काम कोणाच्या गाईडन्समध्ये केलं?"

मुली खाली बघायला लागल्या. शेवटी एकीने हळूच वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

सरांनी स्वतःचं नाव वाचलं. म्हणाले, "फॉन्ट फार लहान आहे."

*

उद्घाटन म्हणजे शाल-श्रीफळ, आणि ज्यांनी शाल दिली त्यांनाही शाल. जेवायची वेळ झाली तेव्हा कुणाला तरी आठवलं, की मुलं अजून बोललीच नाहीत. मग आठ मिनिटांची प्रेझेंटेशन्स तीन मिनिटांवर आली. अकोल्याचा एक मुलगा वर्षभराचं काम घेऊन उभा राहिला. "इंट्रोडक्शन स्किप करतो, मेथड स्किप करतो, रिझल्ट स्लाइडवर आहेत, थँक यू."

त्याला पहिलं बक्षीस मिळालं! परीक्षक म्हणाले, "टाइम मॅनेजमेंट एक्सलंट."

तो सर्टिफिकेट घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, मी काय शोधलं ते आता कोणाले सांगू?"

*

थर्ड इयरचा वैभव. त्याचा नंबर पुकारला, तेव्हा तो पाहुण्यांना चहा देत होता, कारण स्वयंसेवकही विद्यार्थीच असतात. ट्रे हातात घेऊन म्हणाला, "सर, मी इथंच हाय."

"चहा आधी पूर्ण कर," सर म्हणाले. त्याने चहा पूर्ण केला. तोवर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लागलं होतं. मी भांडले, तर मला सांगितलं, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखे." ज्यांनी सांगितलं, त्यांच्या हातात त्यानेच दिलेला कप होता.

*

आणि यंदाची वैष्णवी. मुलगी अकोटची, घरी भाजीपाल्याची शेती. वलगावकडे शेतात काम करणाऱ्या बायांचं रक्त तपासायचं आणि त्यांना त्रास विचारायचा, हे तिचं काम. विभागाचा ठरलेला प्रश्न होता, "आपणास थकवा जाणवतो का?" बाया म्हणाल्या, नाही. रक्त मात्र इतकं कमी, की बाई उभी तरी कशी राहते असं वाटावं.

आमच्याकडे 'थकवा' हा शब्द पेपरात असतो, बोलण्यात नाही. म्हणून तिने त्याच बायांना पुन्हा विचारलं, "आंग गळून रायलं का?" जवळपास सगळ्या हो म्हणाल्या.

सर भडकले. "ही काय भाषा आहे? जर्नलवाले हसतील. ही स्लाइड दिसली तर तुझा पेपर मागे घेईन."

"सर, जर्नलवाल्यांना नव्हतं विचारायचं. बायांना विचारायचं होतं," ती म्हणाली.

तिचं सगळं काम त्या एका स्लाइडवर उभं होतं. कॉन्फरन्सच्या दिवशी तिने ती लावलीच. पहिल्या रांगेत सरांचा चेहरा लाल. पुण्याहून आलेल्या परीक्षक मॅडम हसून म्हणाल्या, "एक शब्द बदलला आणि आजार सापडला? हे कसं मानायचं? मला तर वाटतं, तू त्यांच्या तोंडी उत्तर दिलंस." सरांनी लगेच मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वैष्णवी एवढंच म्हणाली, "मॅडम, माझी आई मागे बसली आहे. तुम्हीच विचारा."

मुलीचं भाषण ऐकायला ती माऊली सकाळच्या एसटीने अकोटहून आली होती. नवं लुगडं सावरत उभी राहिली. परीक्षक मॅडमनी माइकवरून अगदी आदराने विचारलं, "ताई, आपल्याला थकवा जाणवतो का?"

"नाही जी. मले काय झालं?"

हॉल हसला. सरही हसले. वैष्णवीने माइक खाली ठेवला आणि घरी बोलावं तसं विचारलं, "आई, आंग गळून रायलं का वं?"

आई खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाली, "कवाचं गळून रायलं, बाई. तू त्या वलगावच्या बायायले इचारत फिरली. मले कधी इचारलंच नाही."