काढलेली फुलं

आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीत फुलं कुणी चोरत नसे. फुलं काढत. चोरीला जायच्या त्या सायकली, नळाच्या तोट्या, वाळत घातलेल्या साड्या. फुलं मात्र पहाटे, माकडटोपी घालून, दुसऱ्याच्या कुंपणात हात घालून, देवासाठी 'काढायची' असत. हा फरक मला कुठल्याही पुस्तकात सापडला नाही, आणि मी तर कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते. त्यातही माझ्या वाट्याला आलेला पेपर होता 'गुन्हा आणि विचलन'.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ही. माणूस गुन्हा का करतो, हे मी रोज फळ्यावर लिहायची. कुणा विद्वानाच्या मते गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटी मोजली की कळतं. दुसरा म्हणतो, छे, सगळा संगतीचा परिणाम. तिसरा म्हणतो, समाज माणसाला मोठमोठी स्वप्नं दाखवतो आणि तिथवर जायची वाट काही देत नाही, मग तो आडवाटेने जातो. मुलं मुकाट्याने उतरवून घ्यायची, कारण परीक्षेत 'टिपा लिहा' यायचं. आणि इकडे घरी माझे वडील, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, आकडी लावलेली काठी घेऊन चार बंगल्यांच्या जास्वंदी रिकाम्या करून आलेले असायचे.

त्यांची एक टोळी होती. ते तिला प्रभातमंडळ म्हणत. म्होरके एक निवृत्त मुख्याध्यापक. वडिलांना दीक्षा त्यांनीच दिली, त्यामुळे संगतीचा सिद्धांत आमच्या घरापुरता तरी सिद्ध झाला. टोळीचे नियम कडक होते. कळी तोडायची नाही. झाडावर मालकासाठी एक फूल ठेवायचं. कुंपणाच्या आत हात गेला तर चालेल, पाय जाता कामा नये. "मालक आठ वाजता उठतो, त्याला कुठली पूजा आणि कुठलं काय," मुख्याध्यापक म्हणत, "फुलं वायाच जायची." गुन्हेगार आधी स्वतःची समजूत घालतो, असं मी वर्गात शिकवायची. नुकसान कुणाचंच झालं नाही म्हणतो, मी हे दुसऱ्या कुणासाठी केलं म्हणतो. साधासुधा चोर फार तर आजारी आईला पुढे करील. आमच्या टोळीने थेट गणपतीला पुढे केलं होतं.

खरं तर याच वडिलांनी आयुष्यभर आईला या फुलांवरून छळलं होतं. आई होती तोवर पूजा तिची आणि फुलंही तीच आणायची. ती ओच्यात फुलं घेऊन आली की वडील पेपरमागून कायदा सांगायचे, "झाडावर असेपर्यंत फूल स्थावर. खुडलं की जंगम. त्या क्षणी चोरी होते." आई म्हणायची, "मी चोरत नाही हो, काढते." रोज तेच, आणि रोज दोघांनाही त्यात मजा यायची. आई गेल्यावर वडील कित्येक महिने खुर्चीतून उठले नाहीत. पेपर उलगडायचा, पण पान उलटायचं नाही. तेही आईच्या मागोमाग जाणार, अशी भीती मला बसली होती. मग एका पहाटे त्यांनी दारामागची तिची काठी उचलली आणि बाहेर पडले. मी खिडकीतून बघत राहिले आणि मला रडू आलं. त्या दिवसापासून सगळ्या कॉलनीच्या बागा उजाड झाल्या असत्या तरी माझी हरकत नव्हती.

पुढे कोपऱ्यावरच्या प्लॉटवर लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने बंगला बांधला. गुलाबी रंगाचा, खांबाखांबांचा. कुंपणाला दुहेरी जास्वंद, फूल चांगलं बशीएवढं. मंडळाचा फेरा तिकडे वळला. थोड्याच दिवसांत बंगल्यावर पाटी आली, 'फुले तोडणारास चोर समजण्यात येईल.'

कॉलनी पेटली. गणपतीच्या मांडवात सभा भरली. कांदा चाळीत दाबून भाव चढायची वाट बघणारा आम्हाला चोर म्हणतो म्हणजे काय, असं एक गृहस्थ तावातावाने म्हणाले. त्यांनी नुकतीच महापालिकेला न विचारता गच्चीवर खोली चढवली होती. मांडवातले दिवे रस्त्यावरच्या खांबावर आकडा टाकून लावले होते. वीजही आमच्याकडे कुणी चोरत नसे, 'घेत'.

"मॅडम, तुमचं शास्त्र काय म्हणतं?" मुख्याध्यापकांनी विचारलं. मी उठून सांगितलं की कुठलीही गोष्ट मुळात गुन्हा नसते, लोकांनी शिक्का मारला की तिचा गुन्हा होतो, आणि शिक्का बसलेला माणूस मग तसाच वागायला लागतो. कडकडून टाळ्या पडल्या. पाटी काढण्याचा ठराव मंजूर झाला आणि तो व्यापाऱ्याला सांगायला कुणीही गेलं नाही.

"'समजण्यात येईल' म्हणजे काय?" वडील घरी येऊन म्हणाले. "कोण समजणार? पुरावा?" दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम तिथेच गेले.

व्यापाऱ्याची म्हातारी आई ओट्यावर मिश्री लावत बसली होती. तिने हाक मारली, "ओ बाबा! काय करून राह्यले? चोर हाये का तुमी?" वडिलांच्या हातून काठी सुटली, ती आकडीसकट फांदीला लटकत राहिली. ते रिकाम्या हाताने घरी आले आणि खुर्चीत बसले.

मांडवात मी टाळ्या घेतलेला सिद्धांत आता आमच्या घरात राहायला आला. दूध आणायला वडील मागच्या गल्लीने जाऊ लागले. बेल वाजली की आत जाऊन बसत. मुख्याध्यापक आले, तर "अंघोळीला गेलेत म्हणून सांग" म्हणाले. मी बाजारातून फुलं आणली. ती त्यांनी देवांना वाहिली, आईच्या फोटोला नाही. फोटोवरचं जुनं फूल वाळून काळं पडलं, तरी त्यांनी ते हलवू दिलं नाही. पेपर पुन्हा एकाच पानावर थांबला. पहिली भीती परत आली, आणि या खेपेला तिच्यासोबत संतापही होता.

मी तावातावाने बंगल्यावर गेले. म्हातारी ओट्यावरच होती. मी बोलायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "ते बाबा तुझे का? मी नुस्तं इचारलं बाई. नवा माळी हाये का चोर हाये, मला काय ठावं? पळाले कशापायी? नाय म्हनायचं, मंग मी गप बसले असते."

"आणि ती पाटी?"

"पोरानं लावली. मला कुठं वाचता येतं? धाड त्यांना उद्या. फाटकातून या म्हनावं, रोज न्या."

तिने काठी आणून माझ्या हातात दिली. भांडायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी वडील इस्त्रीचा शर्ट घालून, परडी घेऊन, फाटकातून गेले. चहा पिऊन, परडी शिगोशीग भरून आले. देव फुलांत दिसेनासे झाले. मी खूश झाले, आणि फोटोकडे पाहिलं तर तिथे तेच वाळलेलं फूल.

आठवड्याभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फाटकातून राजरोस जायचं, तरी परडीसोबत काठीही जात होती. मग एके दिवशी ते नेहमीपेक्षा उशिरा आले. धाप लागलेली, बाहीला कुंपणाचा ओरखडा आणि चेहरा असा, की कित्येक दिवसांत मी तो पाहिला नव्हता. परडीतली सगळी जास्वंद देवांना गेली. मग त्यांनी खिशातून एक चुरगळलेलं तगरीचं फूल काढलं, फोटोवरचं वाळलेलं फूल उचललं आणि हे तिथे ठेवलं.

"बाबा, हे कुठलं?" मी विचारलं.

त्यांनी दार लावलेलं आहे ना ते बघितलं. मग हळूच म्हणाले, "काढलेलं आहे. तिला परवानगीचं चालायचं नाही."